कचरा कुणाचा, पैसा कुणाचा, वास कुणाचा?

गेल्या वर्षभरात ज्या ज्या तालुक्यात बैठकीला गेलो, तिथे बैठक उठता उठता एखादा तरुण पुढे येतो आणि विचारतो, "बायोगॅसचा कारखाना टाकावा म्हणतो. तुमचं काय मत?" त्याच्या हातात रंगीत माहितीपत्रक असते. पत्रकावर हिरवेगार गवत, पांढरी टाकी आणि शेजारी हसणारा शेतकरी. पत्रक वाटणारा एजंट तालुक्याच्या गावी लॉजवर उतरलेला असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: शहरातला कचरा फुकट, गावातले शेण जवळजवळ फुकट, त्याचा गॅस करून किलोवर विकायचा आणि उरलेला चोथा खत म्हणून गोणीत भरून विकायचा. तुम्ही फक्त दोन एकर जमीन द्या आणि शेअरचे पैसे भरा.

कापसाच्या भावाने वर्षानुवर्षे मार खाल्लेल्या माणसाला हे ऐकून आशा वाटली तर त्यात नवल नाही. शेतात पऱ्हाटी उभी आहे, उकिरड्यावर शेण पडले आहे, त्यातून चार पैसे येत असतील तर कुणाला नको आहेत? शेतकऱ्याच्या पोराने धंदा करू नये असे सांगणारे आम्ही नव्हे. उलट त्याने धंदाच करावा. पण धंदा म्हणजे हिशेब, आणि या धंद्याचा हिशेब पत्रकात उलटा मांडला आहे. तो सुलटा करून मांडावा एवढ्यासाठी हा लेख.

कार्ल्यात काय पाहिले

यंदा आम्ही काही कार्यकर्ते मावळात कार्ल्याला दोन दिवस मुक्कामाला होतो. कापूस-ज्वारीच्या माणसाला तो मुलूख परका वाटतो. आपल्याकडे पाऊस मोजावा लागतो, तिथे तो झेलावा लागतो. इंद्रायणीच्या काठाने भाताची खाचरे, वर डोंगरात कार्ल्याची लेणी आणि एकवीरा आईचे देऊळ, खाली जुना मुंबई-पुणे रस्ता, आणि त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोणावळ्यापर्यंत हॉटेले, रिसॉर्ट, ढाबे. शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात मुंबई-पुण्याची माणसे लोंढ्याने येतात. चैत्रात एकवीरेची यात्रा भरते तेव्हा पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते.

माणसे येतात, जेवतात आणि जातात. मागे उरतो तो भात, भाजी, रस्सा, हाडे, नारळाच्या करवंट्या, हार-फुले आणि त्या सगळ्यात कालवलेले प्लास्टिक. त्यातले किती तरी ओढ्यात जाते आणि ओढा इंद्रायणीला मिळतो. त्याच इंद्रायणीच्या पाण्यावर खालचे भात.

कार्ल्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर तळेगाव आहे. पुण्यातल्या हॉटेलांचा ओला कचरा बाणेरला निवडायचा, दळून पातळ लगदा करायचा, तो टँकरने तळेगावला न्यायचा आणि तिथे गॅस करायचा, असे काम नोबल एक्स्चेंज नावाच्या कंपनीने पुणे महापालिकेसाठी केले. म्हणजे ज्या धंद्याचे पत्रक आपल्या पोरांच्या हातात आहे, तो धंदा मावळात प्रत्यक्ष झालेला आहे. एजंटाचे ऐकण्याआधी त्याच्याकडे पाहावे.

बाणेरच्या रहिवाशांना त्या प्रकल्पाच्या वासाचा त्रास झाला. त्यांनी दाद मागितली. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तो प्रकल्प तिथून हलवायला सांगितले. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने लवादाचा आदेश रद्द केला आणि वास कमी करण्यासाठी अटी घालून प्रकल्प जागेवर राहू दिला. शहरातल्या माणसाला वास आला तर प्रकरण दिल्लीपर्यंत जाते. चांगली गोष्ट आहे, जायलाच हवे. पण उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याचे डोंगर वर्षानुवर्षे उशाशी बाळगले, त्यांच्या विहिरींचे पाणी नासले, रस्त्यावर बसून त्यांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला आपल्या कचऱ्याला मालक आहे याची आठवण झाली.

मावळचा माणूस हे विसरलेला नाही. याच तालुक्यात बऊरजवळ ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवनेचे पाणी बंद नळाने शहराला नेण्याच्या विरोधात शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. पाणी जायचे ते इथून, आणि कचरा यायचा तो इथे. म्हणून कार्ल्यातल्या एका वयस्क शेतकऱ्याला आम्ही बायोगॅसबद्दल विचारले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, कचरा घ्यायला आमची ना नाही. खाचराला खत लागतंच. पण कचरा कुणाचा, पैसा कुणाचा आन् वास कुणाचा, एवढं आधी सांगा. मग बोलू."

तीन प्रश्न आहेत. कोणत्याही प्रकल्प-अहवालात याहून महत्त्वाचे काही नसते. ते एकेक करून घेऊ.

गॅसचा खरा उतारा

आधी शेणाचा हिशेब. साधारण पंचवीस किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो. म्हणजे टनाला चाळीस घनमीटर. त्यात निम्म्याहून थोडा जास्त मिथेन, बाकी बहुतेक कर्बवायू, जो जळत नाही. गॅस शुद्ध करून, दाबून गाडीत भरण्याजोगा केला की टनभर शेणाचा गॅस भरतो पंधरा किलोच्या आसपास. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१८ रोजी 'सतत' नावाची योजना काढली तेव्हा तेल कंपन्यांनी किलोला ४६ रुपये दर जाहीर केला होता. पुढे तो वाढला; पण या दराने टनभर शेणाचा गॅस झाला ६९० रुपयांचा. आता तुम्हीच सांगा, तुमच्या गावात शेणखताची ट्रॉली आज काय भावाने पडते? ६९० रुपयांत शेण विकत घ्या, गोळा करा, वाहून आणा, मजुरी द्या, वीज भरा आणि व्याज फेडा. हे ज्याला जमेल त्याचा आम्ही सत्कार करू.

हॉटेलातल्या उष्ट्याचे तसे नाही. त्यात पिष्ट, साखर, तेल असते, ते शेणापेक्षा जास्त गॅस देते. शेण म्हणजे जनावराने एकदा पचवून टाकलेला चारा. उष्टे अन्न न पचवलेले. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने हेच सूत्र धरून घरगुती छोटे संयंत्र काढले, त्याला २००६ चा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्राचे डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' संयंत्र काढले ते याच ओल्या कचऱ्यासाठी. माथेरानला ते बसवले आहे. शास्त्र पक्के आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण उतारा किती? आमच्या हाती पडलेल्या पत्रकात टनाला साठ किलो गॅस लिहिला आहे. इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये देशातला फार मोठा प्रकल्प सुरू झाला. त्याची जाहीर झालेली क्षमता अशी: रोज ५५० टन ओला कचरा, त्यातून १७,००० किलो गॅस. भागाकार करा. टनाला ३१ किलो. इंदूर म्हणजे घराघरातून कचरा वेगळा करून घेणारे शहर. तिथे ३१, आणि आपल्या तालुक्याच्या गावी साठ?

आता छोटा प्रकल्प धरू. रोज पाच टन चांगला वेगळा केलेला कचरा मिळाला. ३१ च्या उताऱ्याने १५५ किलो गॅस, ४६ च्या दराने दिवसाला ७,१३० रुपये, वर्षाला २६ लाख. समजा प्रकल्पाला तीन कोटी लागले आणि बँकेचे व्याज दहा टक्के. वर्षाचे व्याज झाले ३० लाख. म्हणजे सगळाच्या सगळा गॅस विकला तरी व्याजसुद्धा फिटत नाही. डिझेल, मजुरी, वीज, दुरुस्ती तर अजून मोजलीच नाही.

मग हा धंदा चालतो कसा? चालतो तो कचरा उचलण्याच्या मोबदल्यावर. हॉटेलवाल्याला, नगरपालिकेला कचरा नकोसा आहे. तो नेण्याचे आणि त्याची विल्हेवाट लावण्याचे काम कुणी तरी करायचे असते, आणि त्या कामाला दाम असतो. टनाला हजार रुपये धरले तर वरच्याच प्रकल्पाला वर्षाला आणखी १८ लाख मिळतात आणि मग कुठे चूल पेटते. इंदूरला उलट आहे, तिथे कंपनीच महापालिकेला वर्षाला अडीच कोटी देते हे खरे. पण ते ५५० टनांना आणि शहराने आधी खर्च करून वेगळ्या केलेल्या कचऱ्याला परवडते. पाच टनांना नाही.

तेव्हा पहिले सूत्र हे: कचरा 'फुकट' मिळतो असे जो सांगतो तो तुमचे उत्पन्न आधीच कापून सांगतो. दुसऱ्याची घाण उचलायची आणि वर फुकट मिळाली म्हणून आनंद मानायचा, हा शेतकऱ्याला शिकवलेला जुना हिशेब आहे. कापूसही त्याने असाच विकला.

टाकीचे पोट

दुसरी गोष्ट यंत्राची नाही, पोटाची आहे. बायोगॅसची टाकी म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट. तिच्यात दोन जातीचे जिवाणू काम करतात. एक अन्न कुजवून आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा गॅस करतात. पहिले चपळ, दुसरे संथ. एकदम भरपूर अन्न टाकले की आम्ल वाढते, दुसरे जिवाणू मान टाकतात आणि टाकी आंबते. आपला बैल ज्वारीच्या राशीत घुसून पोटभर दाणे खाल्ल्यावर फुगतो, तसेच हे. मग गॅस बंद, वास चालू, आणि टाकी पुन्हा शेण घालून चालती करायला महिना-दीड महिना.

कार्ले-लोणावळ्याचा कचरा शनिवार-रविवारी डोंगराएवढा आणि मंगळवारी मूठभर. यात्रेच्या दोन दिवसांत जेवढा येतो तेवढा पुढे कित्येक दिवस येत नाही. टाकीला मात्र रोज सारखाच घास लागतो. त्यात प्लास्टिकची पिशवी, काच, हाड, करवंटी गेली की दळण्याचे यंत्र अडते. पुणे महापालिकेने वॉर्डावॉर्डांत पाच-पाच टनांचे प्रकल्प उभारले. त्यांतले अनेक बंद किंवा अर्धवट चालू असल्याच्या बातम्या वारंवार आल्या. कारण तेच. कचरा वेगळा होऊन येत नाही आणि दुरुस्तीला माणूस नसतो. महानगरपालिकेला जे जड गेले ते शेअर गोळा करून काढलेल्या गावच्या कंपनीला सोपे जाईल असे मानू नका.

यात आमचीही चूक आम्ही कबूल करतो. कृषीची पदवी घेऊन कामाला लागलो तेव्हा आम्हीही गावोगाव गोबरगॅस सांगत हिंडलो. एका गावात आमच्या शब्दाखातर घरोघर खड्डे खणले गेले. अनुदान आले, घुमट बांधले, फोटो निघाले. आज त्यांतले बहुतेक घुमट कडबा ठेवायच्या कामाला आहेत. दोन दुष्काळांत गुरे विकली गेली, शेण कालवायला उन्हाळ्यात पाणी राहिले नाही, घुमटाला चीर गेली तेव्हा ती बुजवणारा गवंडी जिल्ह्यात सापडेना. शेण किती, पाणी किती, गवंडी कुठे, हे तीन प्रश्न आम्ही आधी विचारले नव्हते. अनुदान किती, एवढेच सांगितले होते.

सरकारी आकड्यांचेही असेच झाले. 'सतत' योजनेने २०२३-२४ पर्यंत पाच हजार प्रकल्पांचे लक्ष्य धरले होते. मुदत संपताना त्याच्या दोन-तीन टक्क्यांहून जास्त चालू नव्हते. आता २०२५-२६ पासून गॅस कंपन्यांना एक टक्का बायोगॅस मिसळण्याचे बंधन आले, ते २०२८-२९ पर्यंत पाच टक्क्यांवर जायचे आहे. म्हणजे गिऱ्हाईक वाढणार, आणि म्हणूनच एजंट तुमच्या दारात आले आहेत. गिऱ्हाईक वाढते आहे तेव्हा घाई त्याला असू द्या, आपल्याला नको.

आपल्या शिवारातले काय चालेल

एजंट म्हणतो पऱ्हाटी द्या. पऱ्हाटी लाकडासारखी आहे. तिच्यातले लाकूडपण या जिवाणूंना पचत नाही. पऱ्हाटीचा उपयोग जाळण्याच्या कांड्या, कोळसा, नाही तर यंत्राने बारीक करून शेतात गाडणे. बोंडअळीच्या दृष्टीने ती वेळेवर शेताबाहेर जावी किंवा चुरा व्हावी हे बरेच. पण बायोगॅसच्या नावाने तिचे पैसे मोजून घेऊ नका.

एजंट म्हणतो कडबा द्या. ज्वारी कमी झाली आणि कडब्याला सोन्याचा भाव आला. जनावराच्या तोंडचा कडबा टाकीत घालून गॅस काढायचा, आणि जनावर विकल्यावर शेण नाही म्हणून रडायचे? कडबा आधी दावणीला. त्याचे शेण होऊन टाकीत जाऊ दे.

एजंट म्हणतो नेपियर गवत लावा. त्याला बारमाही पाणी लागते. ज्याच्याकडे नेपियरपुरते पाणी आहे तो कोरडवाहू राहिला असता कशाला?

मग कोरडवाहू गावाला काय? आमच्या मते दोनच गोष्टी. पहिली, घरचे संयंत्र, पण तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली तरच. रोज पन्नास किलो शेण, म्हणजे चांगली चार-पाच जनावरे, आणि तेवढेच पाणी असेल तर दोन घनमीटरचे संयंत्र चालते. एक घनमीटर गॅस म्हणजे सिलिंडरमधला चारशे ग्रॅमहून थोडा जास्त गॅस. पुरते भरलेले संयंत्र महिन्याला दीड-दोन सिलिंडरची बचत करते, थंडीत कमी. हा धंदा नव्हे, पण घरातल्या बाईच्या डोळ्यांतला धूर आणि डोक्यावरची मोळी जाते. तेही उत्पन्नच आहे, फक्त पासबुकात दिसत नाही.

दुसरी, तालुक्याच्या गावचा निवडक कचरा: मार्केट यार्डातला भाजीपाला, आठवडी बाजार, खानावळी, मंगल कार्यालये. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज शंभर किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांवर तो वेगळा करून जागच्या जागी मुरवण्याची किंवा योग्य ठिकाणी देण्याची जबाबदारी टाकली. म्हणजे त्यांना कुणी तरी हवा आहे. गावच्या पाच-सात पोरांनी एक गाडी घ्यावी, आधी फक्त कचरा वेगळा उचलण्याचे काम मोबदला ठरवून घ्यावे, त्याचे खत करावे. वर्षभर ते जमले, मोबदला वेळेवर आला, कचरा रोज सारखा आला, तर मग टाकीचा विचार. आधी टाकी आणि मग कचरा शोधणे म्हणजे आधी जिनिंग उभारून मग कापूस कुणी पेरतो का पाहणे.

उरलेल्या स्लरीचा भावही नीट समजून घ्या. तिच्यात नव्वद टक्क्यांवर पाणी असते. दहा टन शेणाच्या स्लरीतला नत्र मोजला तर तो युरियाच्या एक-दोन गोण्यांएवढा भरतो, आणि अनुदानाने एक गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तेव्हा 'खताचे लाखो रुपये' हे खोटे. स्लरीची खरी किंमत युरियात नाही ती: कोरडवाहू जमिनीला कर्ब मिळतो, ओल धरली जाते, पावसाने ताण दिला तर पीक चार दिवस जास्त तग धरते. पण हे शेजारच्याच शेतात खरे आहे. वीस मैलांवर स्लरी नेली तर आपण पाणी वाहण्याचा धंदा केला.

दगडावर लिहून घ्या

कार्ल्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख कोरलेले आहेत. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने लेणे करवले, धेनुकाकटच्या अमक्याने हा खांब दिला, उषवदाताने वलुरक लेण्यांतल्या भिक्षूंना करजिक गाव दिले. कुणी, कुणाला, काय आणि कशासाठी दिले, सगळे स्पष्ट. राज्ये गेली, लेख राहिले. आम्हाला तिथे उभे राहून वाटले, आपण आजवर जमिनी दिल्या त्या तोंडच्या शब्दावर आणि न वाचलेल्या स्टँप पेपरवर.

म्हणून कार्ल्याच्या त्या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर आल्याशिवाय कुणीही जमीन, शेण वा शेअर देऊ नये. तसा ठराव पुढच्या जिल्हा बैठकीत मांडावा असे आम्ही सुचवतो.

कचरा कुणाचा? ज्याने केला त्याचा. तो वेगळा करून देणे त्याचे काम, आणि न वेगळी केलेली गाडी परत पाठवण्याचा हक्क गावाचा.

पैसा कुणाचा? उचलण्याचा मोबदला टनावर ठरावा आणि त्यातला ठरावीक वाटा गावाला मिळावा. जमीन भाड्याने द्यावी, विकू नये. प्रकल्प बंद पडला तर टाकी साफ करून जमीन परत देण्याची हमी आगाऊ अनामत घेऊन. तपासलेली स्लरी आसपासच्या शेतकऱ्यांना आधी.

वास कुणाचा? ज्याचा नफा त्याचा. ओढ्यात थेंब गेला किंवा वस्तीत वास आला तर गाड्या थांबवण्याचा अधिकार ग्रामसभेला, करारात लिहून.

या अटी मान्य करणारा आला तर त्याला गूळ-पाणी द्या, आम्हीही येऊ. आणि ज्या तरुणांनी आम्हाला प्रश्न विचारला त्यांना एकच काम: पत्रक बाजूला ठेवा आणि तालुक्याच्या गावच्या बाजाराचा, यार्डाचा, खानावळींचा ओला कचरा सात दिवस रोज वजनकाट्यावर मोजा. सोमवारचा वेगळा, बाजारच्या दिवसाचा वेगळा लिहा. ती सात आकड्यांची वही पुढच्या बैठकीला घेऊन या. एजंटाला उत्तर द्यायला तेवढी पुरे आहे.